भिंतीतून निघालेली ही केबल कशाची? रिसेल फ्लॅटमधल्या ऑडिओ-व्हिडिओ केबल्स ओळखण्याची रीत

रिसेलचा फ्लॅट ताब्यात येतो, हॉलच्या टीव्हीच्या भिंतीवर एक कोरी प्लेट असते. ती उघडली की पाच-सहा वायरींचा गुंता बाहेर येतो. एक काळी जाड, दोन पांढऱ्या, एक चपटी पारदर्शक, एक लाल-काळी जोडी. मागचे मालक दुसऱ्या गावी गेलेले असतात आणि ज्या वायरमनने काम केलं त्याचा नंबर कोणाकडे नसतो. अशा वेळी बहुतेक जण सगळं कापून पुट्टी मारून टाकतात. महिन्याभरात टीव्ही किंवा राउटर लावायची वेळ आली की बाहेरून पांढरी पट्टी ठोकून नवी केबल ओढावी लागते. भिंतीतला पाइप मात्र तिथेच असतो, भरलेला आणि निरुपयोगी.

यातली जवळजवळ प्रत्येक केबल घरच्या घरी ओळखता येते. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: केबलचं रूप तिचं कूळ सांगतं, काम सांगत नाही. काम कळतं ते दुसऱ्या टोकावरून. आणि या दोन्हींच्या आधी, तिच्यात २३० व्होल्ट नाहीत याची खात्री करायची.

पहिली पायरी: ही विजेची वायर तर नाही?

आपल्याकडे हा प्रश्न परदेशी व्हिडिओंत दाखवतात त्यापेक्षा जास्त गंभीर आहे. आपल्या घरांत फेजला लाल, पिवळी किंवा निळी वायर, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी वापरतात. स्पीकरची वायरही बहुतेक वेळा लाल-काळीच असते. भरीला भर म्हणजे अनेक वायरमन स्पीकरसाठी आणि दिव्यासाठी एकाच गुंडाळीतली पिळाची लाल-काळी फ्लेक्झिबल वायर वापरतात. त्यामुळे ‘टीव्हीच्या प्लेटमधून आली म्हणजे स्पीकरचीच’ हे गृहीत धरणं जिवावर बेतू शकतं. टीव्हीमागे एलईडी पट्टी लावण्यासाठी काढून ठेवलेली फेज-न्यूट्रलची जोडी अशीच दिसते.

मेन स्विच बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, असंही नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा फेज वेगळ्या वायरीने येतो आणि मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर उलट चालू होतो. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर बसवलेल्या कित्येक घरांत टीव्हीचा पॉइंट इन्व्हर्टरवरच असतो. म्हणून मेन बंद करा, इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करा, आणि तरीही मोजा.

मोजायची रीत अशी. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा. साध्या मीटरवर ती ६०० किंवा ७५० असते. मेन बंद करण्याआधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये मोजा, २३० च्या आसपास आकडा यायला हवा. मग संशयित वायरीच्या दोन तारांमध्ये मोजा, नंतर प्रत्येक तार आणि सॉकेटची अर्थिंग यांच्यामध्ये मोजा. शेवटी मेन पुन्हा चालू करून सॉकेटमध्ये मोजा आणि मीटर अजून ठीक आहे याची खात्री करा. ही शेवटची मोजणी टाळू नका. मीटरची पिन निसटली असेल किंवा सेल उतरला असेल तर तो चालू वायरीवरही शून्य दाखवतो. हे सगळं एकदा वीज चालू ठेवून आणि एकदा बंद करून करा, म्हणजे एखादी वायर कोणत्या खटक्यावर आहे तेही कळेल. वीज चालू असताना तारांच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही, फक्त मीटरच्या पिना लावायच्या.

कधी कधी आकडा धड २३० येत नाही आणि शून्यही येत नाही. २०, ४०, ८० असा काहीतरी तरंगत राहतो. डिजिटल मीटरचा आतला रोध खूप मोठा असल्यामुळे शेजारच्या चालू वायरीतून पाझरलेला क्षुल्लक प्रवाहही त्याला आकडा दाखवायला पुरतो. अशी वायर बहुधा मोकळी असते. पण हे ‘बहुधा’ बोटाने तपासायचं नसतं. वायरमनकडून त्या जोडीला दिवा लावून बघा. दिवा मुळीच उजळला नाही आणि आकडा शून्यावर आला, तर तो भास होता. खरा फेज असेल तर दिवा पेटेल.

वायरीवरची छपाईही उपयोगी पडते. आवरणावर ‘आयएस ६९४’, ‘११०० व्होल्ट’, ‘एफआर’ किंवा ‘एफआरएलएस’ आणि चौरस मिलिमीटरचा आकडा असेल, तर ती विजेच्या कामाची वायर आहे. मात्र अशी वायर स्पीकरसाठीही ओढलेली असू शकते, म्हणून छपाई वाचल्यावरही मोजायचंच.

दुसरी पायरी: न कापता नोंद

हाताशी ठेवायचं सामान थोडंच आहे: काही शे रुपयांचा मल्टिमीटर, मास्किंग टेप, परमनंट मार्कर, टॉर्च, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, एक छोटं चुंबक, चार-सहा क्रोकोडाइल क्लिपा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ के, २.२ के, ४.७ के आणि १० के ओमचे रेझिस्टर (१ के म्हणजे हजार ओम). शेवटची वस्तू कोणी सुचवत नाही, पण पुढे सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते.

आता घरभर फिरून केबल्सची सगळी टोकं शोधा. टीव्हीच्या प्लेटा सहज दिसतात. न दिसणाऱ्या जागा म्हणजे मुख्य दाराच्या वरचा कोपरा, गॅलरीची बाहेरची भिंत, एसीच्या पाइपाचं भोक, फॉल्स सीलिंगमधल्या स्पॉटलाइटची भोकं, माळा, मजल्यावरचा डक्ट आणि गच्ची. प्लेट उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढा. प्रत्येक टोकाला टेप लावून खोलीचं अक्षर आणि आकडा लिहा: हॉलमधली ह१, ह२, बेडरूममधली ब१, ब२. टेप टोकाशी न लावता चार बोटं मागे लावा, कारण टोक सोलताना टेप निघून जातो.

मग आवरणावर काय छापलंय ते वाचा. तिरक्या टॉर्चने पुसट अक्षरं दिसतात, दिसली नाहीत तर खडूची पूड चोळा. कोअॅक्स (टीव्हीच्या सिग्नलची गोल जाड केबल) आणि नेटवर्कच्या चांगल्या केबल्सवर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. हॉलमधल्या टोकाजवळ २३१ आणि गच्चीवरच्या टोकाजवळ २५२ असेल, छपाईही तीच असेल, तर ही एकच केबल असण्याची दाट शक्यता आहे आणि तिची लांबी २१ मीटर आहे. मीटरची पिन न लावता एवढं कळतं. दोन टोकांमधला फरक ९० निघाला आणि घर सातशे चौरस फुटांचं असेल, तर ती टोकं वेगवेगळ्या केबल्सची आहेत.

तिसरी पायरी: कूळ ओळखणे

मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चंदेरी वर्ख आणि वर तारांची जाळी, अशी रचना दिसली तर ती कोअॅक्स केबल. घरात हिचे तीन प्रकार सापडतात आणि जाडीवरून ते वेगळे काढता येतात. जवळजवळ ७ मिमी जाड आणि मधली तार १ मिमीची असेल तर आरजी-६. डिश आणि केबल टीव्ही दोन्हींना हीच वापरतात. ६ मिमीच्या आसपास आणि मधली तार त्याहून बारीक असेल तर आरजी-५९. ही जुन्या केबल टीव्हीची किंवा सीसीटीव्हीची. बोटाएवढी, १० मिमीची असेल तर आरजी-११. ती इमारतीच्या डक्टमधली मुख्य केबल असते. ती घरात आली असेल तर कापू नका, तिच्यावर शेजारच्यांचाही सिग्नल चालू असू शकतो.

टोकावरचा कनेक्टरही बोलका असतो. आट्यांचा आणि मधून तीच तार पुढे आलेला म्हणजे एफ कनेक्टर, डिश किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्सचा. पाव फेरा फिरवून बसणारा बीएनसी म्हणजे जवळजवळ नक्की कॅमेरा. बारीक कोअॅक्ससोबत त्याच पांढऱ्या आवरणात तीन बारीक तारा असतील, तर ती सीसीटीव्हीची ‘थ्री प्लस वन’ केबल. कोअॅक्समधून चित्र जातं आणि तारांमधून १२ व्होल्ट डीसी किंवा आवाज. नवखे लोक बाहेरून हिला नेटवर्क केबल समजतात. टोकाचा एक सेंटिमीटर सोलला की शंका राहत नाही.

मधल्या तारेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आहे आणि वर तांब्याचा मुलामा. टीव्हीच्या सिग्नलला त्याने बिघडत नाही, कारण एवढ्या वरच्या वारंवारितेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. मात्र अशी तार दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो. हा रोध पुढच्या मोजणीत लक्षात ठेवावा लागतो.

पिळलेल्या चार जोड्या म्हणजे आठ तारा असतील, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार, तर ती कॅट-५ई किंवा कॅट-६. आत प्लॅस्टिकचा क्रॉस असेल तर कॅट-६ समजा. नसेल तर छपाई वाचा, कारण क्रॉस नसलेली कॅट-६ही मिळते. हिच्याबद्दल घाई करू नका. हीच केबल नेटवर्कला, कॅमेऱ्याला, एचडीएमआय लांब नेणाऱ्या एक्स्टेंडरला, इंटरकॉमला आणि रिमोटच्या इन्फ्रारेड सेन्सरलाही वापरतात. दोन जोड्यांची, दोन्ही रंगजोड्या पिळलेली बारीक केबल टेलिफोनची किंवा सोसायटीच्या इंटरकॉमची. मुंबईत एमटीएनएल आणि इतरत्र बीएसएनएलच्या लँडलाइनसाठी प्रत्येक बेडरूममध्ये काढलेले फोनचे पॉइंट अजून भिंतींत आहेत.

जाळी नाही, वर्ख नाही, नुसत्या दोन जाड लवचिक तारा शेजारी-शेजारी चिकटलेल्या असतील तर स्पीकर वायर. पारदर्शक आवरणात एक तार तांबूस आणि एक रुपेरी दिसते, किंवा एका बाजूला रेघ वा उंचवटा असतो. दुकानात या वायरी १४/३६, २३/३६, ४०/३६ अशा मागतात. पहिला आकडा बारीक तारांची संख्या आणि दुसरा त्या तारेचा गेज. त्यामुळे टोक उलगडून तारा मोजल्या तर प्रकार कळतो. ४०/३६ म्हणजे साधारण १.२ चौरस मिमी, १४/३६ म्हणजे जेमतेम ०.४. हा फरक कानाला कळतो. ८ ओमच्या स्पीकरसाठी वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओमच्या आत ठेवावा. त्या हिशेबाने ४०/३६ सुमारे १३ मीटर चालते आणि १४/३६ पाच मीटरमध्येच संपते. मागच्या मालकाने हॉलभर १४/३६ फिरवली असेल तर मागच्या स्पीकरचा आवाज दबलेला येईल, आणि दोष स्पीकरला लागेल.

जाळीच्या आत दोन बारीक तारा म्हणजे माइकची किंवा बॅलन्स्ड ऑडिओची केबल. बारीक कोअॅक्ससारखी, टोकाला एकच आरसीए पिन असलेली केबल सहसा सबवूफरची. पिवळी-लाल-पांढरी त्रिकूट म्हणजे जुन्या टीव्हीचं चित्र आणि दोन बाजूंचा आवाज. लाल-हिरवी-निळी म्हणजे कंपोनंट, तिच्या तिन्ही पिनांत चित्रच असतं. पाच पिना असतील तर त्यात दोन लाल असतात आणि त्या हमखास अदलाबदल होतात. छताजवळ १५ पिनांचा निळा व्हीजीए कनेक्टर सापडला तर तिथे प्रोजेक्टर होता.

प्रकाश वाहून नेणाऱ्या केबल्सच्या बाबतीत मात्र गोंधळ होऊ देऊ नका. चौकोनी डोक्याची, आत जवळजवळ १ मिमी जाड प्लॅस्टिकचा धागा असलेली केबल म्हणजे डिजिटल ऑडिओची ऑप्टिकल केबल. तिच्यातून लाल प्रकाश येतो, तो डोळ्यांना दिसतो. एका टोकाला टॉर्च धरली की दुसरं टोक उजळतं, झाली ओळख. याउलट चपटी, दोन्ही कडांना ताठ तार आणि मधे केसासारखा धागा, टोकाला हिरवा कनेक्टर असेल तर ती ब्रॉडबँडची फायबर. तिच्यातला प्रकाश अदृश्य असतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तो दिसेल याचा भरवसा नाही. तिच्या टोकात डोकावू नका. तुटलेल्या टोकाला बोट लावू नका, काचेचं कुसळ कातडीत शिरतं आणि ते शोधणं अवघड जातं.

चौथी पायरी: केबल जिवंत आहे का?

२३० व्होल्ट नाहीत हे ठरल्यावर मीटर डीसी व्होल्टवर घ्या. रेंज हाताने निवडायची असेल तर २००. इथे आकडाच ओळख सांगतो. टेलिफोनच्या जोडीवर ४८ व्होल्टच्या आसपास मिळाले तर लाइन चालू आहे. घंटी वाजताना तिच्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी येतात, त्या वेळी चांगलाच झटका बसतो. इंटरकॉमवर सहसा २४ ते ४८. दाराच्या व्हिडिओ फोनवर आणि कॅमेऱ्याच्या तारांवर १२ च्या आसपास.

कोअॅक्सवर मधली तार आणि जाळी यांच्यात १३ किंवा १८ व्होल्ट असतील, तर दुसऱ्या टोकाला चालू डिश बॉक्स आहे. बॉक्स हा दाब डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला, देतो: १३ म्हणजे उभं ध्रुवीकरण (उभ्या लहरींचे चॅनेल), १८ म्हणजे आडवं. डिशच्या एका केबलवर साधा स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारी डबी) लावून दोन खोल्यांत बॉक्स का चालत नाहीत, त्याचं कारणही हेच. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, आणि एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकतो. म्हणून गच्चीवरून दोन आरजी-६ शेजारी-शेजारी आल्या असतील तर त्यातली एक फालतू समजून कापू नका.

कोअॅक्सची जाळी आणि अर्थिंग यांच्यामध्ये कधी कधी १०० व्होल्टच्या आसपास एसी दिसतात आणि हात लागला की झिणझिण्या येतात. दोन पिनांच्या सेट-टॉप बॉक्सच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमधून पाझरणारा हा प्रवाह अगदी थोडा असतो. बॉक्सचा प्लग काढला की तो जायला हवा. गेला नाही, तर दाब बाहेरून येतोय, म्हणजे इमारतीतल्या केबलच्या अँप्लिफायरचं काहीतरी बिघडलंय. ती केबल टीव्हीला जोडू नका, केबलवाल्याला बोलवा.

नेटवर्क केबलवर दाब मोजताना एका जोडीच्या दोन तारांमध्ये मोजून काही कळत नाही. निळी जोडी आणि तपकिरी जोडी यांच्यात मोजा. कॅमेऱ्यांच्या काही स्वस्त पॉवर सप्लायमधून या जोड्यांवर २४ किंवा ४८ व्होल्ट न विचारता सोडलेले असतात. अशी केबल लॅपटॉपला लावली तर पोर्ट जळू शकतो.

पाचवी पायरी: दुसरं टोक

इथेच बहुतेक लोक थकतात, कारण ते एकेका केबलसाठी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतात. रेझिस्टर त्यासाठीच आणलेत. सगळी उपकरणं दोन्ही बाजूंनी सुटी करा. गच्चीवर किंवा डक्टमध्ये जी टोकं एकत्र आहेत तिथे पहिल्या केबलच्या तार-जाळीमध्ये १ के, दुसऱ्या केबलला २.२ के, तिसरीला ४.७ के, चौथीला १० के असे रेझिस्टर क्लिपांनी लावा. कोणत्या टोकाला कोणता, ते लिहून घ्या. आता मीटर २० के ओमच्या रेंजवर घेऊन घरातली सगळी टोकं मोजत सुटा. जिथे ४.७ के दिसलं ती तिसरी केबल. एका फेरीत चार केबल्स उलगडतात आणि मदतीला दुसरा माणूस लागत नाही.

आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर त्यातूनही माहिती मिळते. एकच आकडा दोन खोल्यांत आला, तर वाटेत जोड आहे. ७० ओमच्या आसपास आला, तर रेझिस्टरला समांतर कुठेतरी ७५ ओमचं टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायची रेझिस्टरची टोपी) बसलेलं आहे. जवळजवळ शून्य आला, तर तार आणि जाळी कुठेतरी चिकटलीय. सोलताना जाळीचा एक केस आत राहणं हे नेहमीचं कारण, दुसरं म्हणजे चित्राच्या चौकटीसाठी ठोकलेला खिळा. काहीच आलं नाही तर केबल तुटलीय, ती भलतीचीच आहे, किंवा वाटेत स्प्लिटर आहे.

हा स्प्लिटर सगळ्यात जास्त फसवतो. काही स्प्लिटर डीसीला अडवतात, काही आतल्या कॉइलमधून थेट शॉर्ट दाखवतात, त्यामुळे मीटर चांगल्या केबलला बाद ठरवतो. डिजिटल सिग्नल सक्तीचा होण्याआधी, म्हणजे मुंबईत २०१२ पूर्वी, केबलची एकच तार घरात घेऊन माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये स्प्लिटर लावून सगळ्या बेडरूमच्या टीव्हींना थेट सिग्नल देत. ते स्प्लिटर अजून तिथेच आहेत. शोधायचा असेल तर जिथे कोअॅक्सचे पाइप एकत्र येतात तिथला जंक्शन बॉक्स उघडा. बहुतेकदा तो पुट्टीखाली झाकलेला असतो; भिंतीवर बोटाने वाजवत गेलं की पोकळ आवाजावरून सापडतो. स्प्लिटर काढून दोन केबल्स एका जोडणीने सरळ जोडल्या की सिग्नलही सुधारतो. चार वाटांचा स्प्लिटर सिग्नलमधून सुमारे ७ डेसिबल खातो, म्हणजे जेमतेम पाचवा भाग पुढे जातो.

केबल अखंड आहे की नाही हे तपासायचं असेल तर एका टोकाला तार आणि जाळी क्लिपने जोडा आणि दुसऱ्या टोकाला ओममध्ये मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून आलेला आकडा वजा करा. २० मीटरच्या पोलादी गाभ्याच्या आरजी-६ ला साधारण २ ते ३ ओम यायला हवेत, तांब्याच्या गाभ्याला १ ओमच्या आत. १५-२० ओम आले तर जोड गंजलाय. गच्चीवरच्या केबलमध्ये हे हमखास होतं. पावसाचं पाणी कनेक्टरमधून शिरतं आणि जाळीतून उताराने घराकडे सरकतं. टोकाचे २०-३० सेंटिमीटर कापून बघा. जाळी चमकदार निघेपर्यंत कापत जा. मीटरभर कापूनही ती काळीच निघत असेल तर ती केबल सोडून द्या.

स्पीकरच्या जोडीला वेगळी चाचणी लागते. रोध मोजा: ५.५ ते ७ ओम आले तर टोकाला ८ ओमचा स्पीकर आहे, ३ ते ४ आले तर ४ ओमचा. मीटरचा आकडा नेहमी छापील आकड्यापेक्षा कमीच येतो, ते बरोबर आहे. मग पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, ज्या स्पीकरमधून खरखर ऐकू येईल तो या जोडीचा. स्पीकरचा पडदा दिसत असेल तर सेलची धन बाजू स्पीकरच्या धन तारेला टेकवली की तो बाहेर ढकलला जातो. आत गेला तर तारा उलट्या आहेत. एक बाजू उलटी राहिली की दोन्ही स्पीकर मिळून बास नाहीसा होतो. आधी अँप्लिफायर लावून ‘बघू कुठून आवाज येतो’ असं करू नका. भिंतीत शॉर्ट असेल तर त्याच क्षणी अँप्लिफायरचं आउटपुट जळू शकतं. दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या गाळ्याचं घर केलेलं असेल आणि रोध काही दशक ओम आला, तर छतातले स्पीकर १०० व्होल्ट लाइनचे, ट्रान्सफॉर्मरवाले आहेत. ते घरच्या अँपवर चालत नाहीत.

एचडीएमआयसाठी मीटर बाजूला ठेवा. तिचं डोकं सुमारे २० मिमी रुंद असतं, ते २० मिमीच्या पाइपातून जात नाही. म्हणून ती सापडली तर पाइप मोठा आहे किंवा केबल थेट प्लॅस्टरमध्ये गाडलीय. दोन्ही टोकं मिळाली की लॅपटॉप लावून आधी १०८०पी बघा, मग ४के ६० हर्ट्झ. १०८०पी नीट येतं आणि ४के ला ठिपके उडतात किंवा पडदा मधूनच काळा होतो, हे ५ मीटरपेक्षा लांब तांब्याच्या केबलचं नेहमीचं लक्षण. टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ लिहिलं असेल तर ती ऑप्टिकल एचडीएमआय, ती एकाच दिशेने चालते. उलटी लावून चित्र आलं नाही म्हणून बाद करू नका. कापलेली एचडीएमआय मात्र जोडायच्या भानगडीत पडू नये, जोड लावूनही ती वरच्या वेगाला टिकत नाही.

ठेवायचं काय आणि पाइपाचं करायचं काय

आरजी-६, कॅट-५ई, कॅट-६ आणि १ चौरस मिमीच्या वरची स्पीकर वायर ठेवावी. कॅट-५ई जुनी म्हणून उपटू नका, ती १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. फक्त एका तारेचा मुलामा ब्लेडने खरवडून बघा. आत रुपेरी निघाली आणि चुंबक चिकटलं नाही, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज देऊ नका. व्हीजीए, कंपोनंट, पिवळी-लाल-पांढरी आणि टेलिफोन यांचा मोठा उपयोग म्हणजे नवी केबल ओढायची दोरी.

त्यासाठी आधी जुनी केबल दोन्ही टोकांना हलते का बघा. एका बाजूने ओढल्यावर दुसरीकडे हालली तर ती पाइपात मोकळी आहे. हालली नाही तर जोर करू नका, ती प्लॅस्टरमध्ये गाडलेली किंवा जंक्शन बॉक्समध्ये गाठ मारलेली असते. मोकळी असेल तर नवी कॅट-६ आणि सोबत नायलॉनची दोरी जुन्या केबलच्या टोकाला जोडा. नव्या केबलच्या तारा पायरीपायरीने कमी लांबीच्या कापा, जुन्या केबलभोवती गुंडाळा आणि टेप पुढून मागे निमुळता लावा, म्हणजे वळणावर कडा अडणार नाही. गाठीच्या जागी फुगवटा झाला की पहिल्याच बेंडमध्ये काम थांबतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने समोरून सरकवत द्यायचं. थोडी टाल्कम पावडर चालते, तेल किंवा साबण नको. त्याच पाइपात विजेची वायर दिसली तर त्यातून डेटाची केबल नेऊ नका, दुसरा मार्ग शोधा. नायलॉनची दोरी पाइपातच राहू द्या, दोन्ही टोकांना गाठ मारून.

सगळं तपासूनही एखादी केबल ओळखू येत नाही. तिच्या तारा एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने कमी-जास्त लांबीच्या कापा, प्रत्येकीवर टेप, मग वरून टेप, आणि चिठ्ठीवर लिहा: ‘दुसरं टोक सापडलं नाही’, खाली तारीख आणि मोजलेले आकडे. प्लेट बंद करा. ओळखलेल्या सगळ्या केबल्सचा नकाशा काढून मीटर बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइलमधला फोटो पुढच्या वायरमनपर्यंत पोचत नाही.